एकाच खोडातले दोघे

मिस्त्रींना उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आणि डाव्या कानाने फक्त स्वतःला हवं तेवढंच येतं, असं त्यांची लेक म्हणायची. लहानपणी त्यांचे दोन्ही कान वाहिले होते, ते पुन्हा धड झालेच नाहीत. मिस्त्रींनी त्याचं कधी दुःख केलं नाही. पन्नास वर्षं त्यांनी सुतारकाम केलं. रंधा नीट चालतोय की नाही ते मनगटाला कळतं, त्याला कान कशाला लागतात, असं ते म्हणायचे.

वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांनी आपला कारखाना बंद केला आणि ते लेकीकडे राहायला आले. येताना दोन पेट्या भरून हत्यारं आणली. लेकीच्या घरातली मागची खोली आधी तिची चित्रं काढायची खोली होती. आता खिडकीकडची अर्धी बाजू तिची आणि दाराकडची अर्धी त्यांची, अशी वाटणी झाली. तिच्या बाजूला भिंग, बारीक कुंचले आणि कीटकांनी भरलेले सपाट खण. त्यांच्या बाजूला लाकूड आवळून धरायचा शेगडा, करवती आणि जिकडे तिकडे लाकडाचा भुसा. भुसा तिच्या ओल्या रंगावर उडायचा, त्यावरून आठवड्याला एक भांडण ठरलेलं.

लेक निसर्ग-संग्रहालयात कीटकांची चित्रं काढायची. तिथे तिला सगळे टाचणीबाई म्हणत. चतुर नावाच्या किड्याची एक सडपातळ बहीण असते, सुईसारखं अंग आणि काचेसारखे पंख, तिचं नावच टाचणी. लेकीचा सगळा जीव त्या टाचण्यांत. नव्या माणसाला वाटायचं, कीटक टोचायच्या टाचण्यांमुळे हे नाव पडलं. ती हसून म्हणायची, "दोन्ही खरं. मी टाचणीला टाचणी टोचते आणि मग दिवसभर वाईट वाटून घेते."

टाचण्यांबद्दल मिस्त्रींना काही म्हणायचं नव्हतं. त्यांचं वाकडं होतं ते भुंगेऱ्यांशी. लेकीच्या खणात एक लांब मिशांचा, तपकिरी, अंगठ्याएवढा भुंगेरा होता. त्याच्यावर नजर पडली की मिस्त्री तोंड फिरवत. तरुणपणी त्यांनी एका सभागृहासाठी चाळीस खुर्च्या केल्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्यातल्या बारा खुर्च्या बसणाऱ्यांसकट खाली आल्या. आतून नुसती चाळण. खुर्च्या पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची जात वेगळी, अगदी बारकी, असं लेकीने शंभरदा सांगितलं. "जात कुठलीही असो," मिस्त्री म्हणायचे, "अळी लाकूडच खाते ना? मग माझ्या धंद्याची वैरीण."

एके दिवशी सकाळी लेक चहाचा कप नुसता हातात धरून बसली होती. मिस्त्रींनी डावा कान तिच्याकडे केला.

"काय झालं?"

"जंगलातलं ते म्हातारं झाड पाडणार आहेत, बाबा. पायवाटेजवळचं. त्याची फांदी बाकावर पडली गेल्या महिन्यात. बाकावर कुणी नव्हतं म्हणून बरं."

"मग पाडायलाच हवं."

"त्याच्या ढोलीत पाणी साठतं. त्या पाण्यात माझ्या टाचणीची पिल्लं आहेत. अख्ख्या जंगलात तेवढ्या एकाच ठिकाणी मिळाली मला." तिने कप खाली ठेवला. "वनाधिकाऱ्यांनी संग्रहालयाला विचारलंय, झाडात काही राखण्यासारखं आहे का. दहा दिवसांत सांगा म्हणाले. आमच्या विभागप्रमुख म्हणतात, नुसती टाचणी पुरणार नाही. पिल्लं बादलीत घाला आणि दुसऱ्या ढोलीत सोडा, असं सांगून ते मोकळे होतील."

"सोडता येतील?"

"येतील. जगतील की नाही, ते कोण बघतंय? पण त्याच झाडात हा लांब मिशांचा भुंगेरा असला, तर गोष्ट वेगळी. त्याची अळी वर्षानुवर्षं खोडाच्या गाभ्यात असते. तिला बादलीत घालता येत नाही. झाड गेलं की ती गेली. हा आपल्या खणातला त्याच जंगलात सापडलेला आहे. चाळीस वर्षांपूर्वी. त्यानंतर कुणाला दिसलाच नाही."

"खोडाला भोकं आहेत?"

"आहेत. पण जुनी की नवी ते कसं कळणार? आत जिवंत अळी आहे हे दाखवायचं, तर खोड फोडावं लागेल. मग वाचवायचं काय?"

मिस्त्री जोरात हसले. "भोक जुनं की नवं हे कीटकवाल्यांना काय विचारतेस? सुताराला विचार."

"येता?"

"वैऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला?" मिस्त्रींनी कप धुऊन पालथा घातला. मग त्यांनी हत्यारांची पिशवी खुंटीवरून काढली.

बसने शेवटच्या थांब्यापर्यंत आणि पुढे अर्धा तास चालत, असं ते गेले. झाड पायवाटेच्या वळणावर होतं. तिघांनी हात धरून कवेत घ्यावं एवढं खोड, वरचा अर्धा भाग वाळलेला, एका बाजूला तेवढी हिरवी पालवी. मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली आणि आधी नुसता तळहात खोडावर टेकवला. गिऱ्हाइकाने जुनं कपाट दुरुस्तीला आणलं की ते असंच करायचे.

मग त्यांनी चष्मा बदलून एकेक भोक तपासलं. अंगठा जाईल एवढी लांबट भोकं होती, पंधरा-सोळा. "हे जुनं. कड बघ, राखाडी झाली, पावसापाण्याने गुळगुळीत झाली. हेही जुनं. यात तर कोळ्याने संसार थाटलाय." होता होता सगळीच जुनी निघाली. लेकीचा चेहरा उतरला. मिस्त्री मात्र गुडघ्यांवर बसून खोडाच्या बुंध्याशी काहीतरी चिमटीत धरत होते.

"हा बघ भुसा."

"मुंग्यांचा असेल."

"मुंगीचा भुसा पिठासारखा असतो. हा जाडा आहे, धागे धागे सुटलेले, बोथट करवतीने कापल्यासारखा. आणि रंग बघ. अजून पिवळा आहे." त्यांनी तो नाकाशी नेला. "वासही गेला नाही. दोन दिवसांचा असेल फार तर. या फटीतून कुणीतरी आतून बाहेर ढकलतंय."

"अधिकारी म्हणतील, भुसा कुठूनही येऊ शकतो."

मिस्त्रींनी पिशवीतून हातभर लांबीची, बोटाएवढी जाड लाकडी दांडी काढली. एक टोक त्यांनी खोडाला टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. लेक बघतच राहिली.

"बाबा, हे काय?"

त्यांनी हाताने तिला गप्प केलं. जागा बदलली. वीतभर वर, मग डावीकडे, मग पुन्हा खाली. एका जागी ते थांबले. डोळे मिटले. असे ते इतका वेळ उभे राहिले, की लेकीला वाटलं त्यांना बरं वाटत नाही. पण त्यांच्या कपाळावरच्या सगळ्या आठ्या एकेक करून निघून जात होत्या.

त्यांनी दांडी तोंडातून काढली. "कानस चालवतेय," ते हळूच म्हणाले. "कर्र, कर्र, कर्र. मग थांबते. मग पुन्हा कर्र. घाई नाही, पण हातही ढिला नाही. एका लयीत. असा कारागीर मला अख्ख्या जन्मात दोनदा मिळाला असेल."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"माझे कान बिघडलेत, दात शाबूत आहेत. आवाज हाडातून चढतो. कारखान्यात यंत्राचं काही बिनसलं की मी असंच ऐकायचो." त्यांनी दांडीचं टोक सदऱ्याला पुसून तिच्यापुढे धरलं. "कानांत बोटं घाल आणि चाव."

लेकीने दांडी दातांत धरली. आधी तिला स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू आले. मग त्यांच्या मागे, फार आत, कुणीतरी कोरडं लाकूड खरवडत होतं. गेली पंचवीस वर्षं ती या किड्याचं चित्र काढत होती. त्याचे डोळे, त्याच्या पायांचे काटे, त्याच्या मिशांचे अकरा पेरे तिला तोंडपाठ होते. पण तो जिवंत असतो, काम करतो, हे तिला आज पहिल्यांदाच कळल्यासारखं झालं. तिने दांडी ओढणीला पुसून परत दिली.

"आता तुझी टाचणी दाखव," मिस्त्री म्हणाले.

ढोली डोक्याच्या थोडी वर होती. लेकीने घडीची तिवई मांडली आणि त्यांना चढायला हात दिला. आत काळं, पानं कुजलेलं पाणी होतं, तपेलीभर. ढोलीच्या आतल्या कडेला, पाण्याच्या चार बोटं वर, एक बारीक मळकट किडा साल धरून बसला होता. मागे पानांसारखे तीन पिसारे.

"हलत नाही. मेलाय."

"मेला नाही, बाबा. पाण्यातून वर आलाय, म्हणजे आज दिवस भरले त्याचे. उतरू नका. बघा आता."

मिस्त्री बघत राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्या किड्याच्या पाठीवर, मानेमागे, शिवण उसवावी तशी एक चीर पडली. त्यातून फिकट, ओलं, मऊ असं काहीतरी पुढे आलं. आधी पाठ, मग डोकं, मग दोऱ्यासारखे पाय. ते अर्धं बाहेर येऊन थांबलं, दमल्यासारखं. मग पायांनी रिकाम्या कातडीलाच धरून त्याने आपली शेपटी ओढून घेतली. पंख म्हणजे सुरुवातीला चुरगळलेल्या कागदाचे चार तुकडे होते. ते मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत भरत गेले, ताणत गेले, आणि शेवटी त्यांच्यातून पलीकडची साल दिसू लागली.

"बाबा, तासभर झाला. गुडघे दुखतील."

"गप्प बस गं," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या डोळ्याला पाणी येत होतं, पण ते पापणी लववायला तयार नव्हते.

टाचणीने पंख एकदा मिटले, उघडले, पुन्हा पाठीवर मिटले. आणि ती उडाली. उडाली म्हणजे वाऱ्याने उचलून नेल्यासारखी तिरकी तिरकी गेली आणि समोरच्या झुडपावर जाऊन बसली. मिस्त्री तिवईवरून उतरले तेव्हा त्यांचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते. लेकीने त्यांना मोडक्या बाकाच्या शाबूत टोकावर बसवलं आणि डबा उघडला.

"रंग नाही तिला," ते म्हणाले.

"अजून कच्ची आहे. चार दिवसांनी निळी होईल. असा निळा, की मला आजवर जमला नाही. मेली की तासाभरात तो उडून जातो, मग खणात नुसती तपकिरी काडी उरते. तुमचा भुंगेरा बघा, चाळीस वर्षं झाली तरी काल पॉलिश केल्यासारखा."

"माझा कशाला? मी काय पाळलाय?" पण हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. ते जेवता जेवता विचार करत होते. "मला एक सांग. ही आतल्या आत तयार होते आणि सदरा उसवून बाहेर पडते. भुंगेऱ्याचंही असंच?"

"नाही. अळी आणि भुंगेरा यांचं काही म्हणता काही जुळत नाही. अळी म्हणजे पांढरी, जाड, बिनपायाची म्हणा ना. ती कोषात जाते आणि आत सगळं मोडून पुन्हा घडवते."

"म्हणजे हिने जुन्याच लाकडाला नवा आकार दिला आणि त्याने वितळवून नवा ओतला." मिस्त्रींनी मान डोलावली. "आणि तो बाहेर कसा येतो? त्याच्या अंगावर तर चिलखत. खोड केवढं जाड!"

"तीच तर गंमत आहे. अळीला ते आधीच माहीत असतं. झोपायच्या आधी ती सालीपर्यंत बोगदा कोरते. बाहेर नुसता पापुद्रा ठेवते. मग मागे येते, भुसा लावून खोली बंद करते, आणि तोंड दाराकडे करून झोपते. उलटी झोपली तर जाड्या भुंगेऱ्याला आत वळताच यायचं नाही."

मिस्त्रींचा घास हातात राहिला. "आधी दार, मग झोप," ते म्हणाले. "आणि दार स्वतःच्या मापाचं नाही, पुढे जो होणार त्याच्या मापाचं! अगं, माझ्या हाताखाली शिकलेल्यांना मी दहा वर्षं हेच सांगत होतो, कपाट खोलीत बांधण्याआधी दाराचं माप घ्या. तिला कुणी सांगितलं?"

"मग कोण मोठं? टाचणी की भुंगेरा?"

"आता ते कसं सांगू?" त्यांनी समोरच्या झुडपाकडे पाहिलं. टाचणी अजून तिथेच होती. "ती नाजूक आहे, पण लेचीपेची नाही. पिल्लू असताना पाण्यात काय खाते?"

"डासांच्या अळ्या. खालचा ओठ हातासारखा बाहेर फेकून पकडते. ढोलीतली वाघीण आहे ती."

"बघ म्हणजे. आणि तो बाहेरून दांडगा, पण आयुष्यभर काम तर अंधारात, एकट्याने, कुणी बघत नसताना. दोघांच्या मधे लाकूड किती असेल? वीतभर. शेजाऱ्याला शेजारी ठाऊक नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "बोलाव तुझ्या अधिकाऱ्यांना."

वनाधिकारी तिसऱ्या दिवशी आले. उंच, गणवेश कडक इस्त्रीचा, बोलणं मोजकं. सोबत दोन वनरक्षक होते. त्यांनी टाचणीची ढोली पाहिली, भुसा पाहिला, आणि लेकीला जे वाटलं होतं तेच म्हणाले, "मॅडम, भुसा म्हणजे काही पुरावा नव्हे."

मिस्त्रींनी दांडी पुढे केली. "दातांत धरा."

"काय?"

"कानांत बोटं घाला आणि दातांत धरा. धुतलेली आहे."

वनरक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी टोपी काढून काखेत धरली, ती पडायला लागली म्हणून एका वनरक्षकाच्या हातात दिली, आणि कानांत बोटं घालून, दांडी चावून झाडापुढे वाकून उभे राहिले. वाटेने जाणारी दोन माणसं थबकली. वनरक्षकांना हसू आवरेना, एकाने तर पाठ फिरवली.

मग अधिकाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दांडी काढली, खोडाकडे पाहिलं, आणि ती पुन्हा दातांत धरली. दुसऱ्या वेळी ते पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ वाकून होते.

"हे कधीपर्यंत चालणार?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं, कदाचित चार," लेक म्हणाली.

"तोवर हे झाड कुणाच्या डोक्यात पडलं तर? मला उत्तर द्यावं लागेल."

याचं उत्तर मिस्त्रींकडे होतं. त्यांनी पिशवीतून लाकडी हातोडी काढली आणि खालपासून वरपर्यंत हात पोचेल तिथवर खोड ठोकत गेले. ठोकताना दुसरा तळहात खोडावर. "इथे भरीव. इथेही. इथे गाभा पोकळ आहे, पण भिंत चांगली हातभर जाड आहे. खोड नाही पडणार, साहेब. ओझं आहे ते वर. वाळलेला पसारा वारा धरतो. तो उतरवा, ढोलीच्या वर दोन पुरुष उंची सोडून. हिरवी फांदी ठेवा. बाक तिकडे न्या आणि वाट वीस पावलं वळवा. मग कोसळलं तरी स्वतःवरच कोसळेल."

अधिकाऱ्यांनी खिशातली वही काढली. "पुन्हा सांगा. सावकाश."

फांद्या उतरवायला दोरावर चढणारे दोघे आले त्या दिवशी मिस्त्री सकाळपासून तिथे होते. लेकीने ढोलीवर ओलं फडकं बांधलं होतं. यंत्राच्या करवती दिवसभर चालल्या. तोडलेली प्रत्येक फांदी दोराने बांधून हळूहळू खाली सोडली, एकही धाडकन पडू दिली नाही. तरी खोड थरथरत होतं, ते मिस्त्रींना तळहाताला कळत होतं. काम संपलं तेव्हा लेकीने फडकं सोडलं. थोडा भुसा पाण्यात पडलाच होता. तिने चहाच्या गाळणीने तो काढला. पिल्लं जिवंत होती.

मिस्त्रींनी दांडी लावली.

"काय, बाबा?"

त्यांनी मान हलवली. काहीच नव्हतं. आत नुसती शांतता. ते खाली बसले. पाव तासाने पुन्हा उठले, पुन्हा काही नाही. दोरवाले दोघे सामान आवरायचे थांबले. त्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. आपणच वाचवायला गेलो आणि आपणच मारलं की काय, असं लेकीच्या मनात आलं, आणि बापाच्या चेहऱ्यावरही तेच दिसत होतं. उन्हं कलली. मिस्त्री सहाव्यांदा उठले, दांडी दातांत धरली, डोळे मिटले.

आणि मग त्यांनी उजव्या हाताचं एक बोट हवेत हलवलं, मागे, पुढे, मागे, पुढे, कानस चालवावी तसं. लेकीचा जीव भांड्यात पडला. दोरवाल्यांपैकी मोठा म्हणाला, "आम्हालाही ऐकवा की, मिस्त्री." मग सगळ्यांनी पाळीपाळीने ऐकलं.

पुढे नव्या वाटेवर एक फलक लागला. चौकट मिस्त्रींनी केली, चित्र लेकीने काढलं, एका बाजूला भुंगेरा, एका बाजूला टाचणी आणि मधे खोड उभं कापून दाखवलेलं. निळा रंग अजूनही जमला नाही असं तिचं मत होतं. इतर कुणालाही तसं वाटलं नाही.

टाचण्या दर वर्षी निघाल्या. भुंगेऱ्याला चौथं वर्ष लागलं. मिस्त्री तेव्हा एक्क्याऐंशीचे होते, चालताना लेकीचा हात धरायचे. एका संध्याकाळी, अजून चांगला उजेड असताना, बुंध्याजवळच्या सालीचा एक पापुद्रा आतून फुटला. लांब मिशा आधी बाहेर आल्या, मग डोकं, मग ते तपकिरी चिलखत. तो खोडावर चढून थांबला, जड माणूस जिना चढून थांबतो तसा.

"धरू?" मिस्त्रींनी विचारलं.

"अलगद. पाठीवरून."

त्यांनी त्याला उचललं आणि तळहातावर ठेवलं. भुंगेऱ्याला ते आवडलं नसावं. त्याने मान खाली-वर घासली. लेकीला बारीक किर्र-किर्र ऐकू आलं, आणि बाबांना हे ऐकू येणार नाही म्हणून ती सांगायला वळली.

"ओरडतोय," मिस्त्रीच आधी म्हणाले. त्यांचा तळहात सपाट, स्थिर होता. "सगळं कळतंय मला. हाताला थरथर लागतेय त्याची." मग त्यांनी हात खोडाला लावला, आणि भुंगेरा एकेक पाय उचलून, सावकाश, वर चालू लागला.